२५ वर्षं जुनी स्कायलाइन, अजनीचा डेपो आणि गिरीपेठेतलं पासिंग: फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

नागपुरातल्या गाडीवेड्यांच्या ग्रुपांवर एक संदेश पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचा गोषवारा असा:

"जपानमधली २५ वर्षं पूर्ण झालेली स्पोर्ट्स कार आता भारतात कायदेशीर आणता येते. स्टिअरिंग उजवीकडे, स्पीडोमीटर किलोमीटरमध्ये, त्यामुळे बदल काहीच नाही. २०१८पासून अडीच हजार गाड्यांना होमोलोगेशन (मॉडेलची चाचणी आणि मंजुरी) माफ आहे. लिलावात दहा लाखांची गाडी, शंभर टक्के ड्युटी, वीस लाखांत विषय संपला. अजनीच्या कंटेनर डेपोत उतरवा, गिरीपेठेत (आरटीओत) पासिंग करा, एमएच-३१ पाटी लावा. अडलंच तर सुटे भाग म्हणून आणा, नाहीतर कार्नेवर आणा."

यावर विश्वास ठेवून जपानी एजंटाला आगाऊ रक्कम पाठवायच्या बेतात असाल तर दोन दिवस थांबा आणि हे वाचा. संदेशात दोन गोष्टी खऱ्या आहेत. त्या कोणत्या, तेही सांगतो.

"२५ वर्षं झाली की कायदेशीर"

हा नियम अमेरिकेचा आहे. तिथे १९८८च्या कायद्याने परदेशी बाजारपेठेतल्या गाड्यांवर निर्बंध आले आणि २५ वर्षांहून जुन्या गाड्यांना सुरक्षा मानकांतून सूट मिळाली. कॅनडात हीच मर्यादा १५ वर्षांची आहे. निसानच्या स्कायलाइन आर-३४ जीटी-आरचं उत्पादन जानेवारी १९९९ ते ऑगस्ट २००२ एवढंच झालं, त्यामुळे २०२४पासून ती अमेरिकेत रीतसर जाऊ लागली. तिकडचे व्हिडिओ पाहून इकडे संदेश तयार झाला.

भारतात वयाचा हिशेब उलटा आहे. जुनी गाडी परवान्याशिवाय आणायची तर ती एकतर तीन वर्षांच्या आतली हवी किंवा पन्नास वर्षांपुढची. पूर्वी १९५०च्या आधी बनलेल्या गाड्याच मोकळ्या होत्या. २०२५च्या सुरुवातीला परकीय व्यापार महासंचालनालयाने, म्हणजे डीजीएफटीने, ती रेषा सरकती पन्नास वर्षांची केली. मधल्या सत्तेचाळीस वर्षांतल्या गाडीला डीजीएफटीचा आयात परवाना लागतो आणि तो हातात नसताना जहाजावर चढवलेली गाडी बंदरात अडकते. १९९९ साली नोंदलेल्या स्कायलाइनची पन्नाशी २०४९मध्ये भरेल. तोवर टोयोटाची सुप्रा ए-८० असो की माझदाची आरएक्स-७ एफडी, २५ या आकड्याला आपल्याकडे काहीच अर्थ नाही.

इथे एक बारकावा हमखास चुकतो. तीन वर्षं मोजतात ती उत्पादनाच्या तारखेपासून, पन्नास वर्षं मोजतात ती पहिल्या नोंदणीपासून. जपानच्या निर्यात-रद्दीकरण दाखल्यावर (निर्यातीसाठी तिथली नोंदणी रद्द केल्याचा कागद) पहिल्या नोंदणीचा महिना असतो. गाडी जानेवारीत बनून ऑगस्टमध्ये नोंदली गेली असेल तर एजंट ऑगस्टपासून मोजतो आणि कस्टम्स जानेवारीपासून. म्हणून तीन वर्षांच्या काठावरची गाडी घेण्याआधी चासी क्रमांकावरून उत्पादनाचा महिना कंपनीकडून लेखी मागवा.

"स्टिअरिंग उजवीकडे, स्पीडोमीटर किलोमीटरमध्ये"

खऱ्या गोष्टी त्या याच. जपानी गाडीचे हेडलाइटही डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीसाठीच बनवलेले असतात, म्हणजे अमेरिकेच्या गाडीपेक्षा ती तीन अटींत पुढे आहे. पण अटी तिथे संपत नाहीत. गाडी केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९मध्ये बसली पाहिजे. आयातीपासून पुढची पाच वर्षं ती रस्त्यायोग्य राहील आणि देशात तिची सर्व्हिस मिळेल, असं घोषणापत्र द्यावं लागतं, त्याला मान्य चाचणी संस्थेचा दाखला जोडावा लागतो. बंदरावर उतरल्यावर, कस्टम्समधून सुटण्याआधी, पुण्याची एआरएआय, अहिल्यानगरची व्हीआरडीई किंवा बुधनीची केंद्रीय संस्था अशा ठिकाणी तपासणी होते.

खरी अडचण धुराची. १ एप्रिल २०२०पासून भारतात नवी नोंदणी बीएस-६ (भारत स्टेज ६ हे धुराचं मानक) गाडीचीच होते. १९९९च्या स्कायलाइनचं आरबी-२६ इंजिन, २५६८ सीसी, दोन टर्बो, कितीही उत्तम अवस्थेत असलं तरी बीएस-६ होत नाही. नवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवून भागेल असं कुणी म्हणालं तर मानू नका. बीएस-६मध्ये निदान यंत्रणेपासून टाकीतल्या वाफेपर्यंत सगळ्याची चाचणी येते आणि ती त्या मॉडेलच्या मंजुरीला बांधलेली असते. एका गाडीपुरती ती विकत घेता येत नाही.

आणखी एक गोष्ट. जपानच्या देशांतर्गत गाड्यांना १७ अक्षरी क्रमांक नसतो. 'बीएनआर३४' असा उपसर्ग आणि पुढे सहा आकडे एवढाच फ्रेम क्रमांक, म्हणजे चासी क्रमांक, असतो. पुढे कागदांवरचा क्रमांक ताडताना हे लक्षात ठेवा.

"अडीच हजार गाड्यांना होमोलोगेशन माफ"

ही सवलत आहे, पण गाडी बनवणाऱ्या कंपनीला किंवा तिच्या अधिकृत प्रतिनिधीला, नव्या गाड्यांसाठी, वर्षाला २५०० नगांपर्यंत. वर्धा रोडवरच्या एखाद्या शौकिनाला किंवा जुन्या गाड्यांच्या डीलरला त्यातली एकही मिळत नाही.

"शंभर टक्के ड्युटी, वीस लाखांत विषय संपला"

इथे लोकांचं सर्वांत जास्त नुकसान होतं, म्हणून सावकाश मांडतो. फेब्रुवारी २०२५च्या अर्थसंकल्पात वापरलेल्या गाड्यांचं मूळ सीमाशुल्क १२५ टक्क्यांवरून ७० टक्क्यांवर आलं. ही बातमी सगळ्यांनी वाचली. त्याचबरोबर ६७.५ टक्के कृषी पायाभूत सुविधा उपकर लागला, हे फार थोड्यांनी वाचलं. बेरीज १३७.५ टक्के, म्हणजे आधी अधिभारासह होती तेवढीच. त्यावर आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. सप्टेंबर २०२५पासून मोठ्या गाड्यांना तो ४० टक्के आहे आणि तो शुल्क मिळवलेल्या रकमेवर लागतो. १०० रुपयांच्या मालाचे शुल्कासह २३७.५० होतात, त्यावर ९५ रुपये कर, एकूण ३३२.५०. म्हणजे ड्युटी शंभर टक्के नव्हे, २३२.५ टक्के.

आता ती कशावर? लिलावाच्या पावतीवर, हा दुसरा गैरसमज. परदेशातून कायमचं परतणाऱ्यांच्या गाड्यांसाठी कस्टम्सची रूढ पद्धत अशी की गाडी नवी असतानाची किंमत धरायची आणि तिमाही घसारा वजा करायचा: पहिल्या वर्षी दर तिमाहीला ४ टक्के, दुसऱ्या वर्षी ३, तिसऱ्या वर्षी अडीच, पुढे २, आणि कमाल ७० टक्के. पूर्ण तीन वर्षांचा घसारा १६ अधिक १२ अधिक १०, म्हणजे ३८ टक्के. पावतीवर आकडा कमी दाखवून यात फरक पडत नाही. उलट चुकीच्या घोषणेचं प्रकरण उभं राहतं.

नवी असताना ५० लाखांची असलेली, तीन वर्षांच्या आतली स्पोर्ट्स कार धरू. घसारा जाऊन ३१ लाख. जहाजभाडं आणि विमा दोन लाख धरले तर ३३ लाख. शुल्क आणि कर सुमारे ७६.७ लाख. बंदराबाहेर येईपर्यंत १ कोटी ९ लाख ७० हजार. महाराष्ट्रात आयात गाडीचा एकरकमी कर २० टक्के, कमाल ३० लाख. इथे जवळजवळ २२ लाख. पाटी लागेपर्यंत १ कोटी ३१ लाखांच्या पुढे, आणि यात चाचणी, क्लिअरिंग एजंट, बंदरातला मुक्काम धरलेला नाही. कंटेनरचं विलंबशुल्क रोज चढतं, त्यामुळे एक कागद महिनाभर उशिरा आला तर तोही खर्च लाखांत जाऊ शकतो.

"अजनीत उतरवा"

अजनीचा डेपो निर्यात-आयातीच्या मालासाठी उत्तम आहे, पण वापरलेली गाडी देशात फक्त मुंबईच्या कस्टम्स बंदरातून येऊ शकते. क्लिअरिंग एजंट मुंबईत वापरलेल्या गाड्या सोडवणाराच नेमा. गाडी नागपूरला आणायची ती सुटल्यानंतर, ट्रेलरवर. समृद्धीवरून ७०१ किलोमीटर स्वतः चालवत आणण्याचा मोह टाळा. नोंदणीआधी रस्त्यावर आणायची तर तात्पुरती नोंदणी आणि विमा दोन्ही लागतात.

गिरीपेठेत लागणारे कागद: नमुना २० (नोंदणीचा अर्ज), नमुना २२ (रस्त्यायोग्यतेचा दाखला), कस्टम्सचं बिल ऑफ एंट्री (आयात मालाचं घोषणापत्र) आणि क्लिअरन्स, खरेदीची पावती, विमा, पत्त्याचा पुरावा. बिलावरचा चासी क्रमांक आणि गाडीवर ठोकलेला क्रमांक यात एका अक्षराचा फरक असला तरी काम थांबतं. दुरुस्ती मुंबईच्या कस्टम्समध्येच करून घ्यावी लागते, म्हणून ताबा घेताना बंदरातच ताडून पाहा.

"सुटे भाग म्हणून आणा"

हा सल्ला सर्वांत घातक आहे. सीमाशुल्क वर्गीकरणाचा नियम २(अ) सांगतो की सुटी केलेली किंवा अपुरी वस्तू पूर्ण वस्तूचं मूळ स्वरूप राखून असेल तर ती पूर्ण वस्तूच धरायची. एका कंटेनरमध्ये बॉडी आणि दुसऱ्यात इंजिन-गिअरबॉक्स आलं तरी ती गाडीच. सीमाशुल्क कायद्याच्या कलम १११खाली ती जप्त होते, कलम ११२चा दंड वेगळा.

समजा ती सुटली. मग ती बॉडी इथल्या एखाद्या जुन्या सेडानच्या आरसीवर चढवायची, हे पुढचं पाऊल. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ तपशिलाशी विसंगत बदलाला मनाई करतं आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये ते ठामपणे लागू केलं. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करेल. समोरच्या माणसाची भरपाई तुमच्या घरादारावर येईल, हे त्या संदेशात कुठेच लिहिलेलं नसतं.

"कार्नेवर आणा"

कार्ने हा पर्यटकाच्या तात्पुरत्या प्रवेशाचा कागद आहे. गाडी परदेशी पाटीवर, ठरलेल्या मुदतीपुरती येते आणि परत जाते. तिची भारतात विक्री किंवा नोंदणी होत नाही.

"मग कायदेशीर वाट नाहीच का?"

आहे, तीन. कायमचं परतणाऱ्या नातेवाइकाची गाडी: त्याने सलग दोन वर्षं परदेशात काढलेली हवीत आणि गाडी किमान वर्षभर त्याच्याच ताब्यात असलेली हवी. शुल्कात सूट नाही.

दुसरी वाट पन्नाशीपुढची, आणि खऱ्या शौकिनासाठी तीच सुंदर आहे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची उजव्या स्टिअरिंगची डॅटसन झेड आज या वयात बसते. सीमाशुल्क तिलाही लागतं. नोंदणी २०२१च्या व्हिंटेज नियमांखाली, ८१-अ ते ८१-जी: शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नूतनीकरण ५,०००, पाटीवर 'एमएच व्हीए' आणि पुढे मालिका. ती रोज ऑफिसला नेता येत नाही. रॅली, प्रदर्शन, संशोधन, इंधन आणि देखभाल एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. चासी, बॉडी किंवा इंजिनात फेरफार केला तर व्हिंटेजचा दर्जा जातो. इंधनाच्या नळ्या मात्र बदला, आणि गाडी चालू करण्याआधी बदला. आपल्या पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. जुनं रबर त्यात फुगतं, तडकतं, आणि नागपूरच्या ४५ अंशांच्या मे महिन्यात तापलेल्या मॅनिफोल्डवर पेट्रोल ठिबकणं म्हणजे आग. फ्लोरोइलास्टोमर (इंधनात टिकणारं रबर) अस्तराची, एसएई जे-३०-आर-९ छापाची नळी घ्या, कार्ब्युरेटरच्या सीलसह.

तिसरी वाट म्हणजे पूर्वीच रीतसर आलेली गाडी विकत घेणं. दुसऱ्या राज्यातली असेल तर नमुना २८ची ना हरकत, मग मालकी बदलासाठी नमुने २९, ३० आणि नव्या क्रमांकासाठी २७. वीस वर्षांपुढच्या आयात चारचाकीच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क ऑगस्ट २०२५पासून ८०,००० रुपये आहे, तेही हिशेबात धरा. तपासणी मात्र स्वतः करा. सप्टेंबर २०२५मध्ये केरळात कस्टम्सने भूतानमार्गे आलेल्या गाड्यांवर छापे घातले. बनावट कागदांवर नोंदणी करून त्या विकल्या गेल्याचा आरोप होता. जप्ती गाडीवर येते, शेवटच्या मालकाने पूर्ण पैसे मोजले होते का हे बघून ती टळत नाही.

आरसीवरचं उत्पादनाचं साल आणि भारतातल्या पहिल्या नोंदणीचं साल यांत तीनपेक्षा जास्त वर्षांचं अंतर दिसलं आणि गाडी व्हिंटेज नसेल, तर आयात परवान्याची मूळ प्रत मागा. नसेल तर व्यवहार तिथेच सोडा. बिल ऑफ एंट्रीची झेरॉक्स चालवून घेऊ नका. त्यावरचा क्रमांक आणि तारीख कस्टम्सच्या आइसगेट संकेतस्थळावर पडताळा. मग बॉनेट उघडा. त्या काळच्या स्कायलाइनचा क्रमांक इंजिनामागच्या फायरवॉलच्या पत्र्यात ठोकलेला असतो आणि शेजारी निळी पट्टी असते. पट्टी रिव्हेट काढून दुसऱ्या गाडीवर लावता येते, म्हणून खरा क्रमांक पत्र्यातला. त्याभोवती घासल्याच्या खुणा, वेल्डिंगची शिवण किंवा वेगळ्या छटेचा रंग आहे का ते टॉर्च तिरका धरून पाहा आणि एकेक अक्षर बिलाशी ताडा.