‘सगळ्या टेस्ट झाल्या’ म्हणण्याआधी: नेमक्या कोणत्या?

एचआयव्हीची रक्ततपासणी निगेटिव्ह आली की बरेच विद्यार्थी जोडीदाराला ‘माझ्या सगळ्या टेस्ट झाल्या’ असं सांगून मोकळे होतात. मोठा घोळ इथेच आहे. तरुण वयात सर्रास आढळणारा क्लॅमिडिया आणि त्याच्या जोडीने येणारा गनोरिया हे लैंगिक संबंधातून पसरणारे जिवाणूसंसर्ग त्या रक्ततपासणीत दिसतच नाहीत. त्यांच्यासाठी लघवी किंवा स्वॅब (कापसाच्या काडीने घेतलेला नमुना) देऊन ‘नॅट’, म्हणजे जंतूंचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी करावी लागते.

त्रास होईल तेव्हा बघू, हे इथे चालत नाही. क्लॅमिडिया झालेल्या बहुतेक मुलींना काहीच जाणवत नाही आणि संसर्ग मात्र बीजवाहिन्यांपर्यंत पोचून पुढे वंध्यत्वाचं कारण ठरू शकतो. मुलांनाही अनेकदा लक्षणं नसतात.

नमुना नीट दिला नाही तर तपासणी फुकट जाते. आधी किमान तासभर लघवी केलेली नसावी, आणि धारेचा अगदी पहिला भाग, 20 ते 30 मिली, बाटलीत घ्यावा. एरवी मधली धार मागतात, त्या सवयीने इथे चूक होते, कारण मूत्रमार्गातले जंतू पहिल्या धारेबरोबरच निघून जातात. बाटली भरभरून दिली तरी नमुना पातळ होतो. मुलींसाठी योनीमार्गाचा स्वॅब लघवीपेक्षा भरवशाचा. तो स्वतःच घेता येतो: सुमारे 5 सेंमी आत, 10 ते 30 सेकंद गोल फिरवत. मुखमैथुन किंवा गुदमैथुन झालं असेल तर घशाचा, गुदद्वाराचा स्वॅब वेगळा द्यायला हवा. डॉक्टरांनी विचारलं नाही तर आपण होऊन सांगा, आणि हे ऐकून नाक मुरडणारा डॉक्टर बदला.

घाईही नडते. क्लॅमिडिया-गनोरियासाठी संबंधानंतर 2 आठवडे थांबावं. एचआयव्हीची प्रयोगशाळेतली अँटिजेन-अँटिबॉडी तपासणी (विषाणूचा अंश आणि शरीरातली प्रतिद्रव्यं दोन्ही शोधणारी) 45 दिवसांनी खात्रीची, सिफिलिस या आणखी एका लैंगिक संसर्गाला 3 महिनेही लागू शकतात. मात्र एचआयव्हीच्या संसर्गाची शंका असेल तर वाट पाहायची नाही. प्रतिबंधक औषधं संबंधानंतर 72 तासांच्या आत, जितकी लवकर तितकी चांगली.

मेडिकलमधून मनाने अँटिबायोटिक घेऊ नका. अर्धवट डोसाने संसर्ग दबतो, रिपोर्ट फसवा येतो आणि गनोरिया तर बऱ्याच औषधांना आधीच दाद देईनासा झालाय. क्लॅमिडियाला सहसा डॉक्सिसायक्लिन 100 मिग्रॅ दिवसातून दोनदा, 7 दिवस देतात (गरोदरपणात नाही). तेवढे दिवस संबंध टाळायचे आणि जोडीदारानेही उपचार घ्यायचे. एकट्याने घेतले तर संसर्ग परत येतो. बरं वाटतंय म्हणून लगेच तपासलं तर मेलेल्या जंतूंच्या अंशामुळेही रिपोर्ट पॉझिटिव्ह येतो. फेरतपासणी 3 महिन्यांनी करा, आणि ती जोडीदारावर अविश्वास म्हणून नव्हे, तर पुन्हा लागण होणं फार सर्रास आहे म्हणून.