जुन्या हमामखान्याचं वेलनेस सेंटर करताय? आधी हवेचा हिशेब करा

जुनं सार्वजनिक स्नानगृह नव्यानं उघडायचं ठरलं की चर्चा सुरू होते दिव्यांची, लाकडी बाकांची, रिसेप्शनच्या रंगाची. माझं ठाम मत आहे की पैशांचा पहिला वाटा हवा खेळवणाऱ्या यंत्रणेचा. वीस-तीस वर्षं बंद असलेल्या वास्तूत पुन्हा कोमट पाणी सोडलं की खरा त्रास छताच्या पोकळीत आणि भिंतीच्या आत सुरू होतो. दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

हिशेब साधा आहे. पोहण्याच्या तलावाचं पाणी २९ अंश, हवा त्याहून एक अंश जास्त, म्हणजे ३०, आणि आर्द्रता ६० टक्के. या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं तो बिंदू, २१ अंशांच्या आसपास येतो. त्याहून थंड असलेल्या प्रत्येक काचेवर, भिंतीवर, तुळईवर पाणी धरणार. जुन्या एकेरी काचेच्या छताला तर थंडीत पाझरच फुटतो. म्हणून कोरडी, गरम हवा काचेच्या कडेनं सोडायची आणि आत येते त्यापेक्षा थोडी जास्त हवा बाहेर खेचायची. हे चुकलं तर दमट हवा फटींतून छतात शिरते आणि लाकूड आतून कुजतं.

या हवेत नुसती वाफ नसते. घाम आणि लघवी क्लोरीनला भेटली की क्लोरामाइन तयार होतात. डोळे चुरचुरतात तो त्यांचाच परिणाम, आणि धातूही तेच खातात. १९८५ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या उस्टर इथे तलावावरचं काँक्रीटचं छत कोसळून १२ माणसं गेली. ते ज्या स्टेनलेस स्टीलच्या सळ्यांवर टांगलं होतं, त्या सळ्या क्लोराइडमुळे, म्हणजे क्लोरीनपासून बनणाऱ्या क्षारामुळे, आतून तडकल्या होत्या. 'स्टेनलेस आहे, गंजणार नाही' या भरवशावर तलावावर काहीही टांगू नका. जे टांगलेलं आहे ते ठरावीक काळानं खाली उतरवून तपासा.

भिंतींना सिमेंटचं प्लास्टर नको, चुन्याचाच गिलावा हवा. सिमेंट ओल कोंडतं, मग क्षार टाइलच्या मागे फुलतात आणि टाइलवरचं शंभर वर्षांचं ग्लेझ, म्हणजे काचेसारखा चकचकीत थर, पोपड्यांसारखं उडतं. ओली भिंत वाळायला इंचाला साधारण एक महिना धरा. कंत्राटदार घाई करेल, तुम्ही करू नका.

वाफेची खोली जुन्या टाइल्सना चिकटवून कधीच करू नये. खोलीत खोली बांधा, मध्ये ५० मिमी हवेची पोकळी ठेवा, बाष्परोधक थर उबदार बाजूला लावा. नव्या छताला उतार द्या, नाहीतर थेंब डोक्यावर टपकतात. उद्या हे सगळं काढलं तरी मूळ भिंत जशीच्या तशी राहिली पाहिजे.

तलावाचा हौद पूर्ण रिकामा करण्याआधी भूजलाची पातळी बघा. खालून दाब आला तर रिकामा हौद उचलला जातो, तडकतो. पुन्हा भरताना २४ तासांत ७५ सेंमीपेक्षा जास्त चढवू नका. गळतीची शंका असेल तर पायरीवर पाण्यानं भरलेली बादली ठेवा. बादलीपेक्षा हौदाची पातळी जास्त उतरली तर गळती आहे.

जुन्या नळांच्या बंद शाखा कापून टाका. साचलेल्या कोमट पाण्यात लिजिओनेला हा न्यूमोनिया करणारा जिवाणू वाढतो. गरम पाणी ६० अंशांवर साठवा, थंड पाणी शॉवरच्या अगदी जवळ मिसळा.

आणि कृपा करून जुन्या न्हाण्या पाडून मसाजच्या खोल्या करू नका. मँचेस्टरच्या १९०६ सालच्या व्हिक्टोरिया बाथ्समध्ये ताजं पाणी आधी पहिल्या वर्गाच्या पुरुषांच्या तलावात जायचं, तेच पुढे दुसऱ्या वर्गाला आणि शेवटी बायकांना मिळायचं. ती उतरंड नव्या दरपत्रकात परत यायला नको. न्हाण्या चालू ठेवल्या तर घरी नीट सोय नसलेल्या माणसाला स्वस्तात आंघोळ मिळते, आणि तलावात उतरणारा प्रत्येकजण आधी साबणानं अंग धुतो. तेवढ्यानंही क्लोरामाइन बरेच कमी होतात.