रोमला चार दिवस म्हणजे डोक्यावरून पाणी

रोमला जायचं ठरलंय ना? मग आधी एक्सेल उघडा. तिकीट, व्हिसा वगैरे मागाहून. सकाळी सहा ते रात्री अकरा, पंधरा-पंधरा मिनिटांचे रकाने पाडा. बघायच्या गोष्टींना पिवळा रंग, जेवणाला हिरवा, 'इथे फोटो हवाच' याला लाल. पांढरा रकाना एकही राहता कामा नये. राहिलाच तर विमानाच्या भाड्याला तासांनी भागून तासाचा दर काढा आणि तो आकडा बायकोला वाचून दाखवा. ती लगेच एखादा राजवाडा सुचवेल.

अष्टविनायक दोन दिवसांत उरकणारी माणसं आपण, रोमचं काय घेऊन बसलात! सोळाव्या शतकात फिलिप नेरी नावाच्या संताने तिथल्या सात चर्चच्या पायी यात्रेला लोकांना ओढलं. वीसेक किलोमीटरची चाल, वाटेत गाणी, एका बागेत पंगत. बिचाऱ्यांकडे मिनीबस नव्हती.

तारीख मात्र विचारपूर्वक निवडा. माझ्या मते १५ ऑगस्टच्या आसपासचा आठवडा उत्तम. आपल्याकडे जोडून सुट्टी मिळते आणि तिकडेही थेट ऑगस्टस बादशहाच्या काळापासून चालत आलेली सुट्टी असते. रोमकर समुद्रावर पळालेले असतात, गल्लीतल्या खाणावळींची शटरं खाली असतात आणि तापलेल्या दगडी फरशीवर फक्त तुम्ही आणि तुमच्यासारखेच बाकीचे. वार जुळवतानाही डोकं वापरा. बोर्गेझे गॅलरी सोमवारी ठेवा, कारण सोमवारी ती बंद असते आणि तेवढे दोन तास वाचतात. व्हॅटिकनची म्युझियमं रविवारी. महिन्यातला शेवटचा रविवार सोडला तर रविवारी तीही बंद. तो शेवटचा रविवार फुकट असतो, त्यामुळे त्या दिवशी रांगेतच निम्मं जग बघून होतं.

कलोसियमचं तिकीट नावानिशी काढावं लागतं आणि दारात पासपोर्टशी ताडून बघतात. आमच्या नानांना आम्ही जन्मभर नाना म्हणत आलो. पासपोर्टवर ते नाना नाहीत, हे आम्हाला सत्तर माणसांच्या रांगेच्या तोंडाशी कळलं. तुम्ही मात्र तिकिटं काढायचं काम घरातल्या सगळ्यात उत्साही भाच्यावर सोपवा, म्हणजे अशा आठवणी तयार होतात. आत गेल्यावर 'मालकांनी डागडुजी केलेली नाही' एवढं म्हणून बाहेर पडा. नीरोने स्वतःच्या महालासाठी तिथे तळं केलं होतं, पुढच्या राजांनी ते बुजवून लोकांसाठी खेळाचं मैदान बांधलं आणि इसवी सन ८० मध्ये ते सुरू झालं. हे वाचायला पाटीपाशी थांबावं लागतं, आणि पाटीला आपण रकाना दिलेला नाही.

पाण्याचं बघा. रोममध्ये रस्त्यारस्त्यावर लोखंडी नळ आहेत, अडीचेक हजार. १८७४ पासून बसवत आलेत, पाणी गार, चवीला गोड, रात्रंदिवस वाहतं. नळाच्या वाकड्या नाकाला वरच्या बाजूने एक बारीक भोक असतं. खालचं तोंड बोटाने दाबलं की त्या भोकातून कारंजं उडतं आणि वाकून थेट तोंडात घेता येतं. शाळा सुटल्यावर पोरं पितात तसं. पण आपण कशाला? आपण युरोपात आलोय. तीन युरोची बाटली घ्या आणि तिचे रुपये किती झाले ते मोजत घोट घोट प्या.

जेवणाची चिंता नको. इंडक्शन, छोटा कुकर, मेतकूट, दशम्या, चिवडा, एवढ्यावर चार दिवस सहज निघतात. तिथली पास्त्याची खास पदार्थ म्हणून मिरवणारी थाळी म्हणजे शेवया, चीज आणि मिरपूड, बस्स. फोडणी नाही, कोथिंबीर नाही. कॉफी काउंटरला उभ्याने प्यायली तर स्वस्त, टेबलाशी बसून महाग. त्यामुळे सहा जणांत दोन मागवा आणि सगळेच बसा. इटलीबद्दल मनापासून चांगलं एकच सांगतो: तिथे घरातल्या बाथरूममध्ये बिडे, म्हणजे धुवायचं खास भांडं, असावा असा १९७५ चा नियमच आहे, आणि आमच्या हॉटेलातही होता. आमच्या मावशींनी रोमन संस्कृतीला पैकीच्या पैकी मार्क दिले ते या एका मुद्द्यावर. मग्गा बॅगेतच राहिला.

स्पॅनिश पायऱ्यांवर बसू नका, २०१९ पासून दंड आहे.

पँथिऑन या जुन्या रोमन देवळाला बारा मिनिटं. घुमटाला मधोमध भलंमोठं भोक आहे, पाऊस सरळ आत पडतो. म्हणून जमिनीला उतार दिलाय आणि फरशीत पाणी जायला बारीक छिद्रं पाडलीत. आमच्या सोसायटीत हे झालं असतं तर तीन मीटिंगा आणि एक वॉटरप्रूफिंगवाला. इथे १९०० वर्षं तसंच चाललंय, काँक्रीटमध्ये एक सळई नाही. जितकी घुमटाची रुंदी, तितकीच जमिनीपासून उंची, ४३ मीटरच्या वर थोडीशी. भोकातून आलेला उन्हाचा गोळा भिंतीवरून सरकत असतो. तो सरकताना दिसायला बारा मिनिटं पुरत नाहीत, तेव्हा तिकडे बघूच नका. मागच्या चौकात शिल्पकार बर्निनीचा हत्ती आहे, १६६७ मधला, पाठीवर इजिप्तचा स्तंभ घेतलेला. चेहरा असा की आता हा काहीतरी बोलणार. आमच्या शीटमध्ये तो नव्हता. शिवाय हत्ती काय आपण पाहिले नाहीत?

व्हॅटिकन स्वतंत्र देश आहे. चारेक शिवाजी पार्क मावतील एवढा, पण परत आल्यावर सांगताना 'दोन देश केले' असं सांगता येतं. सिस्टीन चॅपेलच्या छतावर मायकेलअँजेलोने १५०८ ते १५१२ अशी चार वर्षं घातली. लोकांना वाटतं त्याने पडून रंगवलं. प्रत्यक्षात तो परांचीवर उभा राहून, मान मागे टाकून काम करत होता. त्याची मान धरली म्हणून आपली का धरावी? आत फोटो काढू देत नाहीत, त्यामुळे थांबण्यासारखं काही नाहीच.

रात्री ट्रेव्ही. कारंज्याकडे पाठ करून उजव्या हाताने डाव्या खांद्यावरून नाणं टाकलं की पुन्हा रोमला येणं होतं म्हणतात. ती नाणी गोळा होऊन गरिबांसाठी काम करणाऱ्या संस्थेकडे जातात. आम्ही प्रत्येकी एक टाकलं, आणि व्हिडिओत मान कापली गेली म्हणून प्रत्येकी आणखी एक.

शेवटच्या दिवशी नव्होना चौकाजवळच्या सान लुईजी चर्चला फक्त सात मिनिटं द्या, तीही फुकट आहे म्हणून. दुपारी ते बंद असतं, हे ध्यानात ठेवा. डाव्या हाताच्या शेवटच्या कोनाड्यात कॅराव्हाज्योची तीन चित्रं आहेत. आम्ही गेलो तेव्हा कोनाड्यात अंधार होता आणि कठड्यापाशी एक पेटी. नाणं टाकलं की दिवा लागतो, थोड्या वेळाने आपोआप जातो. अंधारात वीस-पंचवीस माणसं उभी. कुणी टाकेना. मी खिशात हात घातला, तर नाना कानाशी लागले, "थांब रे, ते पुढचे टाकतील." मेव्हणे म्हणाले, सुटे नाहीत. त्यांचा खिसा वाजत होता. शीटप्रमाणे चार मिनिटं गेली, मग पाच. शेवटी मागून एक म्हातारी काठी टेकत आली, पर्स उघडली, खट् करून नाणं पडलं आणि डावीकडची भिंत उजळली. टेबलाभोवती बसलेले जकातवाले. उजवीकडून कुणीतरी दारात येऊन बोट दाखवतोय, त्याच्या मागून तिरपा उजेड. काहीजण दचकून बघताहेत, पण टेबलाच्या टोकाला एक पोरगा आहे, त्याला पत्ताच नाही. मान खाली घालून तो नाणी मोजतोय.

नानांनी कोपर मारलं. "बघ, म्हटलं नव्हतं?"

दिवा गेला. सात मिनिटंही झाली होती.