ब्रुजला दोन तास देणाऱ्यांनो

परवा परत एका मित्राचा फोन. आईवडील येतायत, टूर बुक केलीये, दहा दिवसांत सहा देश, त्यात बेल्जियममधल्या ब्रुजला दोन तास मिळतायत, तर दोन तासांत काय काय होईल ते सांग. मी म्हटलं काही होणार नाही, बसमध्येच झोप काढा. तो चिडला, म्हणाला तू शिष्ट झालायस. असेन. पण गेल्या एप्रिलमध्ये अण्णांना घेऊन तिथं दोन रात्री राहून आलोय आणि तेव्हापासून या विषयावर माझं डोकं जरा सरकलेलंच आहे, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. लांबलंय, चहा घेऊन बसा.

आधी अण्णा. माझे वडील, वय ७१, कराडकडचे, साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत तीस वर्षं केमिस्ट आणि गळ्यात तुळशीची माळ. म्हणजे जन्मभर अल्कोहोल मोजलं, तपासलं, टँकर भरून पाठवलं आणि थेंब तोंडात घातला नाही. गावात यावरून भरपूर चेष्टा व्हायची. ते म्हणायचे, सोनार काय सोनं खातो का.

आम्ही नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला असतो. आई-अण्णा आलेले होते आणि आईनं ठरवलं की चैत्रातलं हळदीकुंकू इथंच करायचं, तीस बायका, आंब्याची डाळ, पन्हं, सगळं साग्रसंगीत. बायको म्हणाली तुम्ही दोघं शनिवार-रविवार कुठंतरी तोंड काळं करा. मी शुक्रवारी ऑफिसातून लवकर निघून गाडी काढली. ब्रुज आमच्याकडून दोन तास, अँटवर्पच्या रिंगरोडला अडकलात तर तीन, आणि तुम्ही अडकताच. गाडी स्टेशनजवळच्या पार्किंगला लावली ती थेट रविवारी दुपारी हलवली. इथली 'साधी' बिअर पाच-सहा टक्क्यांची असते आणि मनापासून बनवलेली नऊ ते अकरा, त्यामुळे चावीला हातच लावायचा नाही.

नावाचं एक सांगतो. ब्रुज हे फ्रेंच, तिथले लोक डच बोलतात, ते ब्रुखं असं काहीतरी घशातून काढतात. अण्णा दोन्ही दिवस बुर्ज म्हणत होते. मी दुरुस्त करायचं सोडून दिलं, मधोमध ८३ मीटरचा घंटाघराचा मनोरा उभा असलेल्या गावाला बुर्ज म्हटलं तर चुकलं कुठं.

आता मुद्दा. ब्रुजमध्ये दिवसा जे दिसतं ते ब्रुज नसतं. शनिवारी साडेदहा-अकराला बसेस यायला लागल्या, झेब्रुगाच्या बंदरात उतरलेले क्रूझवाले आले आणि तासाभरात त्या दगडी गल्ल्यांत आपल्या यात्रेसारखी रेटारेटी. सगळे एकाच पुलावर एकच फोटो काढणार, वाफल, चॉकलेट, पळा. गावकरी एवढे कावलेत की २०१९ मध्ये शहरानं दिवसापुरत्या सहलींची जाहिरात करणंच बंद करायचं ठरवलं. आणि संध्याकाळी पाच-साडेपाचला हे सगळे नळ बंद केल्यासारखे गायब. मग कालव्यातले हंस, सायकलवरून पाव घेऊन चाललेली आजी, कुठल्यातरी खिडकीतून पियानो. तेव्हा गाव सुरू होतं आणि तुमची बस तेव्हा ब्रसेल्सच्या वाटेवर असते.

हे गाव असं जसंच्या तसं राहिलं तेही हौसेनं नाही, गाळानं. समुद्राकडं जाणारी झ्विन नावाची खाडी हळूहळू भरत गेली, जहाजं येईनात, व्यापार अँटवर्पला गेला आणि ब्रुज कंगाल झालं, एवढं की जुनं पाडून नवं बांधायलाही पैसे नाहीत. त्याआधी काय तोरा होता म्हणता, शेअरबाजाराला युरोपभर जो बोर्स शब्द आहे तो इथल्या व्हान डर बेउर्स घराण्याच्या खानावळीवरून आला असं सांगतात. गाळानं बंदर मेलं की गावाचं काय होतं ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको.

शुक्रवारी रात्री सामान टाकून थेट द गारे. मार्केट चौकाजवळ दोन घरांच्या मधे एक फट आहे, दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं भिंतीला चिकटायचं, त्या फटीच्या टोकाला हा पब. त्यांची स्वतःची ट्रिपल, म्हणजे फिक्या रंगाची कडक बिअर, ११ टक्के, सोबत वाटीत चीजचे तुकडे, आणि एका माणसाला तीनच्या वर देत नाहीत. मला हा नियम फार आवडला, आपल्याकडच्या 'बसूया' कार्यक्रमांना कुणीतरी लावायला पाहिजे. अण्णांनी चीज संपवलं, पाणी प्यायले (विकत, फुकटच्या ग्लासची आशा धरू नका), आणि मग माझा ग्लास ओढून नाकाखाली धरला. मी बघतच राहिलो. डोळे मिटून दोन-तीनदा हुंगला आणि म्हणाले, "केळी. पार पिकलेली. आणि मागून लवंग." मी म्हटलं अण्णा यात केळी-लवंग काही नसतं. ते म्हणाले, "मी कुठं म्हटलं घातलंय. यीस्टनं केलंय ते. गरम आंबवलेलं दिसतंय, थंडीत असा वास धरत नाही." मी फोनवर शोधलं. बरोबर. बेल्जियन यीस्ट लागरपेक्षा, म्हणजे थंडीत आंबवलेल्या नेहमीच्या बिअरपेक्षा, जास्त तापमानाला आंबवतात आणि त्यातूनच ते केळ्या-लवंगांचे वास येतात. अकरा वर्षं मी या बिअरी पितोय, 'फ्रुटी आहे' यापलीकडं मला एक शब्द सुचला नव्हता.

शनिवारी सकाळी द हाल्व्ह मान, म्हणजे अर्धचंद्र. जुन्या गावातली ब्रुअरी, १८५६ पासून एकाच घराण्याकडं. टूरला दोनशेवर पायऱ्या आहेत, काही तर शिडीसारख्या, उलटं तोंड करून उतरायच्या, मला अण्णांच्या गुडघ्यांची काळजी, आणि अण्णा सगळ्यात पुढं. गाइड मुलगी बिचारी रोजचं पाठ केलेलं सांगत होती, हे माल्ट, हे हॉप्स, आणि अण्णा मला कोपरानं ढोसत होते, विचार तिला ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) किती धरतात, विचार आंबायला किती तास. मी विचारलं. ती म्हणाली दिवस लागतात, मग टाकीत काही आठवडे मुरवायची, मग बाटलीत परत थोडं आंबू द्यायचं. अण्णांनी कपाळाला हात लावला. "आमच्याकडं तीस तासांत फर्मेंटर रिकामा झाला नाही तर एमडींचा फोन यायचा."

मग पाइपलाइनची गोष्ट आली. बाटल्या भरायचा कारखाना गावाबाहेर नेलेला, बिअर मात्र इथंच बनणार, त्यामुळे टँकर दिवसभर या दगडी गल्ल्यांतून धडधडत जायचे. यांनी काय करावं, २०१६ मध्ये ब्रुअरीपासून बाहेरपर्यंत जमिनीखालून तीन किलोमीटरहून लांब बिअरची पाइपलाइन टाकली, ताशी ४ हजार लिटर. सगळा ग्रुप आ वासून ऐकतोय आणि अण्णा म्हणतात, "मळी पण पाइपनंच यायची की आमच्याकडं." बरं म्हटलं. पण पुढचं ऐकून तेही थांबले. खर्च साधारण ४० लाख युरो, त्यातले तीनेक लाख लोकांकडून गोळा केले आणि ज्यानं साडेसात हजार युरो दिले त्याला जन्मभर रोज एक बाटली बिअर. अण्णा एकदम म्हणाले, "अरे, म्हणजे सभासदाची साखर!"

मला हसू आवरेना. शेअर घ्या, सभासद व्हा आणि सवलतीच्या साखरेच्या पिशव्या घरी न्या. आमच्या घरी दिवाळीच्या आधी ती साखर आणायला मी सायकल घेऊन रांगेत उभा राहिलेलो आहे. पैसे देणाऱ्याला व्याजापेक्षा माल हातात पडण्याचं सुख जास्त असतं ही अक्कल फ्लँडर्सला, म्हणजे बेल्जियमच्या या डच बोलणाऱ्या भागाला, आणि सातारा जिल्ह्याला वेगवेगळी सुचली, कॉपीराइट कुणाचा ते तुम्ही ठरवा. ब्रुज म्हणजे नुसतं शोकेस, म्युझियम, असं म्हणणारे बरेच भेटतात. मला या पाइपलाइनमुळं ते पटत नाही. शोकेसवाल्यांनी ब्रुअरी गावाबाहेर हलवून जागेवर हॉटेल बांधलं असतं. यांनी रस्ते खणले.

टूरच्या शेवटी ब्रुग्ज झोट या त्यांच्या बिअरचा, न गाळलेल्या, एक ग्लास मिळतो. झोट म्हणजे वेडा, विदूषक. सांगतात की मॅक्सिमिलियन बादशहाच्या स्वागताला गावानं विदूषकांची मिरवणूक काढली आणि मग वेड्यांचं इस्पितळ बांधायची परवानगी मागितली, तर तो म्हणाला गावाच्या वेशी बंद करा, झालं इस्पितळ. घंटा बांधलेल्या टोपीतला तो विदूषक लेबलवर आहे. अण्णांसाठी मी त्यांची बिनअल्कोहोलची स्पोर्ट झोट बघितली, ०.४ टक्के. म्हटलं ही घ्या की, नसल्यात जमा. त्यांनी चष्मा वर करून लेबल वाचलं आणि परत केलं. "शून्य म्हणजे शून्य. पॉइंट चार म्हणजे पॉइंट चार." लॅबवाल्याशी वाद घालून उपयोग नसतो. कॉफी प्यायले. पण ग्लासाखालचा पुठ्ठा उचलला, त्यावर बॉलपेननं काहीतरी लिहिलं आणि शर्टाच्या खिशात टाकला.

पुढं ग्रूटहुझचा वाडा, आता म्युझियम आहे. टूरवाले बाहेरून दाखवतात, पण बिअर कळायची असेल तर हा आतून बघा. हॉप्स येण्याआधी बिअरमध्ये ग्रूट म्हणजे झाडपाल्याचं मिश्रण घालायचे आणि त्याची मक्तेदारी या एका घराण्याकडं. बिअर बनवायची तर यांना पैसे द्या. त्या पैशांतून हा वाडा, आणि घराण्याचं ब्रीद भिंतीवर, 'तुमच्यात अजून बरंच काही आहे' अशा अर्थाचं. अण्णा म्हणाले, "खिशात म्हणायचं असेल." त्यांच्या डिस्टिलरीच्या गेटवर एक्साइजचा माणूस कायम बसलेला असायचा, त्याच्या कुलपाशिवाय व्हॉल्व्ह फिरायचा नाही, त्यामुळे या विषयात अण्णांना कुठल्या इतिहासकाराची गरज नव्हती.

संध्याकाळी आधी काफे फ्लिसिंग. १५१५ पासून चालू आहे. अण्णांनी लगेच हिशोब केला, शिवाजी महाराजांच्या जन्माच्या ११५ वर्षं आधी. मग ब्रुग्ज बेअर्चं, छोटं अस्वल, तीनेकशे बिअर असलेलं दाटीवाटीचं दुकान, याला पब म्हणणं म्हणजे ग्रंथालयाला रद्दीचं दुकान म्हणण्यासारखं आहे. इथं मी वेस्टमाल ट्रिपल मागवली. ग्लास तिचा स्वतःचा, कमळासारखा, प्रत्येक बिअरचा वेगळा असतो. काउंटरवरच्या माणसानं बाटली तिरकी धरून हळूहळू ओतली आणि तळाचं बोटभर बाटलीतच ठेवून ती शेजारी ठेवली. तो शेवटचा गढूळ भाग यीस्टचा, घ्यायचा की नाही तुम्ही ठरवायचं. अण्णांनी बाटली दिव्यासमोर धरून तो गाळ फिरवून फिरवून बघितला, जसं कुणी जुन्या ओळखीच्या माणसाला बघतं.

मग मी सांगितलं की ही मठातली आहे. ट्रॅपिस्ट हे एका ख्रिस्ती साधूपंथाचं नाव, ते लावायचं तर बिअर मठाच्या आवारात बनली पाहिजे, साधूंच्या देखरेखीखाली, आणि नफा मठाला आणि दानधर्माला. मला वाटलं माळकरी माणूस खवळणार. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "हातानं कष्ट करून खातायत ना? मग आपले गोरोबा मडकी घडवतच होते." नंतर मी म्हटलं यात साखर घालतात. हे मात्र त्यांना खरं वाटेना. खरंच आहे. ट्रिपलमध्ये कँडी शुगर म्हणून साखर घालतात, ती पूर्ण आंबून जाते, त्यामुळे साडेनऊ टक्के असूनही बिअर जड लागत नाही, चिकट लागत नाही. "कँडी म्हणजे खडीसाखर?" हो अण्णा, बिटाची. "बिटाची," ते म्हणाले, ज्या स्वरात आई 'डालड्यातलं' म्हणते.

तर सांगायचं काय, रोज तीन बिअर, त्याच्यावर नाही, आणि प्रत्येकीला तासभर. सहा छोट्या ग्लासांची फळी मागवणारे मला पटत नाहीत, चौथ्या ग्लासाला जिभेला काही कळत नसतं, फोटो मात्र येतो. आणि 'बिअर काय, पाणीच' असं म्हणणाऱ्या काकांना तर आधी द गारेला नेऊन बसवा.

जाता जाता, मांस न खाणाऱ्यांनी बटाट्याच्या फ्राइज विचारून घ्या, बऱ्याच ठिकाणी गाईबैलांच्या चरबीत तळतात. आम्हाला तेलात तळणारा सापडेपर्यंत चार दारं फिरावं लागलं.

रविवारी विशेष काही केलं नाही. सकाळी बेगाइनांच्या, म्हणजे पूर्वी संन्यासिनींसारखं एकत्र राहणाऱ्या बायकांच्या, आवारात गेलो, डॅफोडिल्स बरीचशी सुकायला आलेली. अकरा वाजता मनोऱ्यातल्या ४७ घंटा वाजायला लागल्या, चौकात बाकावर बसून ऐकल्या, आणि अण्णांना बसल्या बसल्या डुलकी लागली.

घरी पोचलो तर हळदीकुंकवाचा पसारा अजून तसाच. आईनं शनिवारचं उरलेलं पन्हं दोघांसमोर ठेवलं. अण्णांनी ग्लास उचलला, प्यायच्या आधी नाकाखाली धरला, डोळे मिटले. आई माझ्याकडं बघायला लागली. "हे आंबायला लागलंय," अण्णा म्हणाले आणि ग्लास खाली ठेवताना टेबल ओलं होऊ नये म्हणून खिशातून एक पुठ्ठा काढून खाली सरकवला. आईनं तो ओढून घेतला, उलटसुलट केला. मागं बॉलपेननं लिहिलेलं, केळी, लवंग, ६ टक्के.

"हा टोपीवाला कोण?" आईनं विचारलं.