आणि लायब्ररियनचं काय?

टेक्सासमधल्या लॅनो काउंटीत 2021 साली सार्वजनिक लायब्ररीतून 17 पुस्तकं काढून टाकली. त्यात पोराटोरांची पादण्याबिदण्यावरची गमतीची पुस्तकं होती, कु क्लक्स क्लान या गोऱ्या वंशद्वेष्ट्यांच्या संघटनेचा इतिहास होता आणि इझाबेल विल्करसन यांचं 'कास्ट'ही होतं. अमेरिकेतला वंशभेद आपल्या जातिव्यवस्थेशेजारी ठेवून बघणारं, बाबासाहेबांबद्दल लिहिणारं पुस्तक. मी ते इथे न्यू जर्सीत आमच्या गावच्या लायब्ररीतूनच आणून वाचलं होतं. तेव्हापासून हे प्रकरण माझ्या डोक्यातून जात नाही.

पुस्तकांवर खूप चर्चा झाली. पण तिथल्या एका शाखेच्या लायब्ररियनबाईंनी पुस्तकं काढायला नकार दिला आणि मार्च 2022 मध्ये त्यांची नोकरी गेली. काउंटीने तडजोड करून त्यांना 2 लाख 25 हजार डॉलर दिले, तेही 2025 मध्ये. मधली तीन वर्षं कोण भरून देणार?

वाचक कोर्टात गेले, आधी जिंकले, मग मे 2025 मध्ये अपिलात 10 विरुद्ध 7 मतांनी हरले. सरकारी लायब्ररीने पुस्तक काढलं तर 'माहिती मिळवण्याचा हक्क' म्हणून दाद मागता येणार नाही, असा निकाल आला. डिसेंबरात सुप्रीम कोर्टाने त्यात लक्ष घालायला नकार दिला. म्हणजे तिकडे राज्यघटनेचा हा आधार गेला. आता सगळी मदार राज्यांच्या कायद्यांवर.

आणि ते कायदे दोन टोकांचे आहेत. मुलांना 'घातक' ठरलेलं पुस्तक दिलं तर लायब्ररियनला वर्षभर तुरुंगात टाकता येईल, असा कायदा आर्कन्सासने 2023 मध्ये केला. कोर्टाने डिसेंबर 2024 मध्ये ती कलमं रद्द केली. त्याच महिन्यात आमच्या न्यू जर्सीने उलटा कायदा केला: लायब्ररियनने प्रामाणिकपणे काम केलं असेल तर त्याच्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होणार नाही. मला हे कलम सगळ्यात मोलाचं वाटतं.

दुसऱ्या राज्यात माझी एक मैत्रीण लायब्ररियन आहे. नवीन पुस्तकांची ऑर्डर भरताना एखाद्या नावापाशी तिचा माउस थांबतो. "जाऊ दे, नको ती कटकट," म्हणते आणि पुढे जाते. ना तक्रार, ना बंदी, ना बातमी. ते पुस्तक त्या गावात येतच नाही. तिला मी भित्री म्हणणार नाही. तिला घराचे हप्ते आहेत, दोन मुलं आहेत.

तक्रारच करू नये असं मी म्हणत नाही. मीही आई आहे. पण तक्रार लेखी असावी, पुस्तक पूर्ण वाचून केलेली असावी आणि निर्णय होईपर्यंत पुस्तक कपाटातच राहावं.

नव्या कायद्याप्रमाणे इथल्या प्रत्येक सार्वजनिक लायब्ररीने याबाबतचं धोरण लेखी ठरवायचं आहे. आमच्या लायब्ररीच्या पुढच्या बोर्ड मीटिंगला मी जाणार आहे, ते धोरण मागणार आहे आणि त्यात कर्मचाऱ्यांच्या संरक्षणाबद्दल काय लिहिलंय ते विचारणार आहे. न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींनो, आपापल्या गावच्या मीटिंगची तारीख बघा आणि जा.