‘डबल क्लच’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर: ड्रम ब्रेक आणि ‘भावना’

‘डबल क्लच’ या नावाने लिहिणाऱ्या वाचकांस,

नमस्कार. माझ्या प्रीमियर पद्मिनी गाडीचे ब्रेक बदलण्याऐवजी दुरुस्त का केले, या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. बाकीच्यांना संदर्भ कळावा म्हणून ती इथे देतो: “लेख वाचनीय. पण आजच्या ट्रॅफिकमध्ये १९७५ ची गाडी चारही चाकांना ड्रम ठेवून चालवणं म्हणजे भावनेपायी दुसऱ्याचा जीव टांगणीला लावणं. पुढे डिस्क बसवता येतात. ते नको असेल तर निदान टँडम मास्टर सिलिंडर घाला. सिंगल सर्किटमध्ये एक होज फुटला की चारही ब्रेक गेले.” (नवख्यांसाठी: ड्रम ब्रेकमध्ये चाकाबरोबर फिरणाऱ्या पोकळ ड्रमला आतून शू दाबतात, डिस्कमध्ये फिरणाऱ्या चकतीला दोन्ही बाजूंनी पॅड दाबतात. मास्टर सिलिंडर म्हणजे पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल ढकलणारा पंप; टँडममध्ये त्याचे दोन स्वतंत्र भाग असतात, एक लाइन गेली तरी दुसरी चालते. होज म्हणजे या तेलाची लवचिक नळी.)

टोपणनावाला माझी हरकत नाही. पण एखाद्याला भर चौकात बेजबाबदार ठरवायचं असेल तर खाली स्वतःचं नाव असावं, अशी आमच्याकडे पद्धत आहे. असो.

‘भावनेपायी’ म्हणता, तर लेखाचा मधला भाग तुम्ही वाचलेला दिसत नाही. पेडल दाबलं की गाडी उजवीकडे ओढायची, इथून सगळं सुरू झालं. घाट उतरून थांबल्यावर चारही ड्रमजवळ हात नेऊन पाहिला. तीन चांगलेच तापलेले, पुढचा डावा जेमतेम कोमट. म्हणजे ते चाक कामच करत नव्हतं. ड्रम उतरवून व्हील सिलिंडरचा (शूला ढकलणारा चाकातला छोटा सिलिंडर) रबर बूट उलटला तर आतून ओला, पिस्टन गंजून जाम. ड्रमच्या आत निळसर डाग पडलेले, आणि उद्यमनगरात लेथवर धरल्यावर ड्रम ओव्हल झालेलाही दिसला. हलका कट मारून ड्रम गोल केले, शूवर नवे लायनर (घर्षणाचे पट्टे) रिव्हेट करून त्या गोलाईला घासून बसवले. सिलिंडर, होज, ब्रेक ऑइल, सगळं नवं. जुन्या लायनरची धूळ हवा मारून उडवू दिली नाही, ओल्या फडक्याने पुसायला लावली, कारण त्या काळच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. भावनेने चालणारा माणूस आधी बंपरचं क्रोम करून घेतो हो.

आणि अनुभवाचंच काढायचं तर, ही गाडी माझ्या वडिलांनी बुकिंग करून, वाट बघून घेतलेली. गगनबावड्याहून करूळ घाट उतरायचा तर दुसऱ्या गिअरवर, ब्रेकवर पाय ठेवून नाही, हे त्यांनी मला शेजारी बसवून शिकवलं. चारही ड्रम स्वतः उतरवून, परत चढवून, ब्रेक लाइनमधली एअर काढून दाखवेपर्यंत स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. जीव टांगणीला लावणाऱ्या घरात असं शिकवत नाहीत. तुमचं शिक्षण कुठे झालं ते तुम्ही लिहिलेलं नाही.

आता डिस्क. ‘बसवता येतात’ हे दोन शब्द टाइप करायला सोपे आहेत. ड्रममधल्या दोन शूंपैकी पुढचा (लीडिंग) शू चाकाच्या फिरण्यानेच ड्रमवर ओढला जातो, त्यामुळे पायाला कमी जोर लागतो. डिस्कला ही आयती मदत नाही, म्हणून बहुतेकदा बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) लागतो. कॅलिपरच्या (पॅडने डिस्क पकडणाऱ्या चिमट्याच्या) पिस्टनला तेल जास्त लागतं, म्हणजे मास्टर सिलिंडरचा बोअर (आतला व्यास) बदला. ड्रमच्या लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असेल तर तो काढा, नाहीतर पॅड सतत घासत राहतात. पुढे डिस्क नि मागे जुने ड्रम म्हटल्यावर पुढचा-मागचा मेळ नव्याने जमवा. हे सगळं नीट करणारे आहेत, त्यांना नमस्कार. पण मी पाहिलेल्या बहुतेक ‘अपग्रेड’मध्ये भंगारातल्या दुसऱ्याच गाडीचा कॅलिपर वेल्डिंग केलेल्या पट्टीवर लटकावलेला होता. त्यापेक्षा गोल ड्रम आणि कोरडे सिलिंडर मला परवडतात. घाटात सतत ब्रेक दाबला की ड्रम तापून फुगतो आणि शूपासून लांब जातो, डिस्कला हा त्रास कमी, हे मला माहीत आहे. म्हणून तर दुसरा गिअर.

तुमच्या बाजूने एक गोष्ट मान्य करतो. ब्रेक ऑइल ठरावीक काळाने बदलायला हवं, हे मी लेखात ठळकपणे लिहायला हवं होतं. डॉट ३ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) नवं असताना किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण ओलावा शोषल्यावर हीच मर्यादा १४० पर्यंत उतरू शकते. उतारावर पेडल एकदम पोकळ लागतं ते अनेकदा यामुळेच. ही सूचना तुम्ही केली नव्हती, पण तुमच्यामुळे आठवली, म्हणून आभार.

तुम्ही नाही, पण दुसऱ्या एकांनी जुन्या गाड्यांच्या नोंदणीच्या २०२१ च्या व्हिंटेज नियमाचं विचारलंय. पन्नाशी पूर्ण केलेली गाडी मूळ स्वरूपात हवी, चेसी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरबदल नको, असा त्याचा आशय आहे. त्यात ब्रेकचं नाव नाही, हे सांगायला आता तुम्ही याल.

राहिलं टँडम मास्टर सिलिंडर आणि होज फुटण्याचं. होज नवे आहेत, हँडब्रेक चालतो, आणि पुढच्या गाडीपासून मी भरपूर अंतर ठेवतो. तो विषय मोठा आहे, या लेखाचा नव्हता, त्यामुळे इथे वाढवत नाही. वेळ मिळाला की स्वतंत्र लिहीन. तेव्हा प्रतिक्रिया जरूर द्या, फक्त आधी पूर्ण वाचा आणि खाली नाव घाला.