‘दुकान सांभाळा’ या प्रतिक्रियेला उत्तर

माझ्या कथालेखनाविषयीच्या लेखावर आपण वेळ काढून सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल प्रथम आभार. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी तिचा सारांश देतो. मिरजेत औषधांचे दुकान चालवणाऱ्या माणसाने आपल्या लेखनाची प्रगती, सवयी आणि प्रेरणा यांवर एवढा लांबलचक लेख लिहावा, हाच आपल्याला आगाऊपणा वाटला. माझ्या कथांचे शेवट एकसारखे असतात, पात्रे काउंटरच्या आतून जेवढी दिसतात तेवढीच रंगवलेली असतात, गिऱ्हाइकांची दुःखे मी परस्पर वापरतो आणि लेखात उद्गारचिन्हांचा सुकाळ आहे, असे आपले म्हणणे. पुढे आपण लिहिता, ‘रोज पहाटे ठरल्या वेळी बसून पान भरणे ही कारकुनी झाली, कथा सुचावी लागते, ती हजेरी लावून येत नाही.’ आणि अखेरीस, ‘सत्यकथा’ या वाङ्मयीन मासिकाचा दाखला देऊन, ‘सत्यकथेच्या काळात हे सगळे टोपलीत गेले असते. असो. दुकान सांभाळा.’

उद्गारचिन्हांबद्दल आपले म्हणणे रास्त आहे. लेख पुन्हा वाचला तेव्हा मलाही ती जास्त वाटली आणि काही मी काढून टाकली आहेत.

आता ‘दुकान सांभाळा’ या दोन शब्दांविषयी. कथा आवडली नाही, कच्ची वाटली, लेख कंटाळवाणा झाला, यांपैकी काहीही आपण लिहिले असते तर मी निमूटपणे वाचून पुढे गेलो असतो. परंतु वाचकाने लेखकाच्या पोटापाण्याच्या धंद्याकडे बोट दाखवून त्याला जागेवर बसायला सांगावे, हे टीकेच्या कोणत्या रीतीत बसते, हे मला समजलेले नाही. मराठी कथेचा इतिहास आपल्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असावा असे प्रतिक्रियेच्या सुरावरून दिसते. मग ही कथा कोणत्या माणसांनी लिहिली, हेही आपल्याला ठाऊक असणार. आमच्याच जिल्ह्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे मुंबईत गिरणीत राबले. व्यंकटेश माडगूळकर पुण्याच्या आकाशवाणीवर नोकरी करत होते. जी. ए. कुलकर्णी धारवाडला कॉलेजात इंग्रजी शिकवत होते. जयंत नारळीकर खगोलशास्त्रज्ञ. त्यांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत आपली पहिली विज्ञानकथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नीकडून लिहवून घेतली आणि तिला पहिले बक्षीस मिळाले. यांच्या पंक्तीत मी स्वतःला बसवतो आहे असा अर्थ कृपया काढू नये. मला एवढेच म्हणायचे आहे की यांपैकी कोणालाही कोणी ‘दुर्बीण सांभाळा’ किंवा ‘गिरणी सांभाळा’ असे म्हटले असते, तर म्हणणाऱ्याचीच शोभा झाली असती.

आपल्या प्रतिक्रियेतले जे वाक्य माझ्या मनातून जात नाही ते मात्र कारकुनीचे. ते आपण सहज लिहून टाकले असेल, पण माझ्या लेखनाचा सगळा आधार त्याच्यावर उभा असल्याने मी त्याला सविस्तर उत्तर देणार आहे.

ठरल्या वेळी लिहिणे आणि चांगले लिहिणे यांचे वैर आहे, ही समजूत जुनी आहे. इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलप टपाल खात्यात नोकरी करत असे. तो पहाटे उठून घड्याळ समोर ठेवून दर पाव तासाला २५० शब्द लिहीत असे आणि त्यानंतर कामावर जात असे. १८८२ मध्ये तो वारला आणि पुढच्याच वर्षी त्याचे आत्मचरित्र छापून आले. त्यात हा हिशेब वाचल्यावर पुष्कळ वाचकांचे त्याच्यावरचे मन उडाले. कादंबऱ्या त्याच, वाक्ये तीच. फक्त ती कशी लिहिली गेली हे कळले आणि त्यांची किंमत उतरली. आपण माझ्या बाबतीत नेमके हेच केले आहे. मी पहाटे लिहितो हे मी स्वतः त्या लेखात सांगितले नसते, तर माझ्या कथांतली ‘कारकुनी’ आपल्याला दिसली असती का?

रशियन कथाकार चेखवचे उदाहरण तर आणखी बोलके आहे. वैद्यकीचे शिक्षण घेत असताना घरखर्च भागवण्यासाठी तो विनोदी साप्ताहिकांना मजकूर पुरवत असे. त्यांतल्या एका साप्ताहिकाच्या संपादकाने त्याला शंभर ओळींची मर्यादा घालून दिली होती. मुदत, मर्यादा आणि ओळींवर मोजलेला मोबदला या तिन्हींत त्याची कथा घडली. आपल्याकडे हरिभाऊ आपटे यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केले आणि त्यातून आपल्या कादंबऱ्या क्रमशः छापल्या. अंक काढायचा म्हणजे मजकूर वेळेवर हवा. प्रतिभा जागी होण्याची वाट छापखाना पाहत नाही. मराठी कादंबरी ज्या माणसाने खऱ्या अर्थाने उभी केली, त्याने ती आठवड्याच्या आठवड्याला लिहिली, हे आपण विचारात घेतलेले दिसत नाही.

मला हे पुस्तकांतून कळण्याच्या आधी घरात कळले. माझे वडील मिरजेच्या सतारमेकर गल्लीत सतारी-तंबोऱ्यांच्या एका कारखान्यात कारागीर होते. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले भोपळे निवडणे, तुणाचे लाकूड तासणे, पॉलिश करणे ही कामे त्यांनी वर्षानुवर्षे केली, पण त्यांचा खरा हात होता तो जवारी काढण्यात, म्हणजे तारेचा झंकार जुळवण्यात. तंबोऱ्याच्या तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा माथा कानशीने किंचित घासायचा, तार चढवायची, तारेखाली सुताचा दोरा सरकवून छेडायची, ऐकायचे, तार उतरवायची, पुन्हा घासायचे. घास थोडा जास्त झाला तर घोडी वाया जाते आणि कमी पडला तर आवाज बोदा राहतो. हे काम ते सकाळी गल्ली शांत असताना करत, कारण तेव्हाच कानाला नीट कळत असे. सूर आज लागेल की नाही याची त्यांना खात्री नसे, पण म्हणून ते कधी घरी बसून राहिले नाहीत. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा ते हयात नव्हते. त्यांच्या रोजच्या बसण्याला कोणी कारकुनी म्हटले असते तर त्यांनी काय उत्तर दिले असते ते मला माहीत आहे, परंतु ते इथे लिहिण्याजोगे नाही.

पहाटे टेबलाशी बसल्यावर प्रत्यक्षात काय घडते हेही सांगतो, म्हणजे आपला गैरसमज दूर होईल. दुकानातली घडामोड मी लिहून ठेवतो ती एमआर मंडळींनी, म्हणजे औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींनी, दिलेल्या डायऱ्यांत. प्रत्येक पानावर तारीख आणि तळाशी एखाद्या औषधाची जाहिरात असते. मिरज हे दवाखान्यांचे गाव. अथणी, चिकोडी, जमखंडी, विजापूर, इकडे सोलापूर, खाली कोकण, सगळीकडून पेशंट येतात आणि त्यांच्याबरोबर नातेवाईक येतात. त्यांचे निम्मे बोलणे मराठीत आणि निम्मे कानडीत चालते. एकदा एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने बायकोसाठी गोळ्या घेतल्या. पूर्ण पाकीट परवडत नव्हते म्हणून मी पट्टी कापून दिली. बॅच नंबर आणि मुदत छापलेला तुकडा दुकानदाराने शेवटपर्यंत आपल्याकडे ठेवायचा असतो, तसा मी ठेवला. तेव्हा ते म्हणाले की दिलेल्या तुकड्यावर किंमत कुठे छापलेली असेल तर तेवढी खरवडून द्या, कारण भाव कळला तर ती गोळ्या घेणे बंद करील. कापलेल्या तुकड्यावर किंमत नव्हतीच. तरीही त्यांनी तो दोन्ही बाजूंनी उजेडात धरून पाहिला आणि मगच खिशात घातला.

ही झाली सुचलेली गोष्ट. आपण म्हणता तशीच, हजेरी न लावता आलेली. त्या रात्री मी ती एका बैठकीत उत्साहाने लिहून काढली. निवेदक दुकानदार, म्हणजे मीच. अखेरीस दुकानदाराचे डोळे भरून येतात आणि तो पैसे घेत नाही. आज ती वाचताना मला स्पष्ट दिसते की ती कथा शेतकऱ्याची नव्हतीच. दुकानदार किती भला आहे हे सांगण्यासाठी बिचाऱ्या शेतकऱ्याला राबवून घेतलेले होते. पुढे पहाटेच्या बैठकांत मी ती अनेकदा मोडली. निवेदन म्हाताऱ्याकडे दिले, तर तो फार बोलू लागला. सुनेकडे दिले, तर कथा घरच्या भांडणाकडे वळली. शेवटी ते बायकोकडे गेले आणि तेव्हा मला उमगले की तिला भाव आधीपासूनच ठाऊक आहे. प्रत्येक वेळी नवऱ्याने किती गोळ्या आणल्या हे ती मोजते, म्हणजे त्याच्या खिशात किती पैसे होते हे तिला बरोबर कळते. तो लपवतो आहे हे तिला कळले आहे, आणि ते आपल्याला कळल्याचे ती लपवते आहे. दुकानदार आता कथेत दोन ओळींपुरता उरला आहे. ‘त्याने पट्टी कापली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी तरळले’ असा पूर्वीचा शेवट होता. आता ‘तिने गोळ्या मोजल्या आणि डबा फडताळात मागे सरकवला’ इथे कथा थांबते. लेखात मी ज्याला प्रगती म्हटले ती एवढीच आहे, आणि ती बसल्याशिवाय झालेली नाही. सुचले ते काउंटरवर. त्याची कथा झाली ती पहाटे.

सत्यकथेचे नाव आपण घेतलेत, ते मात्र चुकीच्या ठिकाणी घेतलेत असे मला नम्रपणे, परंतु स्पष्टपणे सांगायचे आहे. ते मासिक १९८२ मध्ये बंद पडले, तेव्हा त्यात कथा पाठवण्याचे भाग्य माझ्या पिढीला लाभले नाही. पण श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन या संपादकांविषयी जे लिहिले गेले आहे त्यात एक गोष्ट सतत येते: ते नव्या लेखकांनाही सविस्तर पत्रे लिहीत, कथेत काय बसत नाही ते सांगत आणि पुन्हा लिहायला लावत. एकटाकी लिहून झालेल्या कथेला तिथे फार मान होता अशी आपली समजूत असेल तर तिला आधार नाही. माझी कथा तिथून ‘साभार परत’ आली असती हे अगदी शक्य आहे, आणि तसे झाले असते तर सोबतच्या पत्राचे मी सोने केले असते. आपली प्रतिक्रिया वाचून मला काय दुरुस्त करावे याचा बोध मात्र झाला नाही.

गिऱ्हाइकांची दुःखे परस्पर वापरतो या आरोपावर फार लिहिण्याचे कारण मला दिसत नाही. गाव, वय, आजार, नाते हे सगळे मी बदलतो. वर सांगितलेल्या प्रसंगातही बदलले आहे. कोणत्या घरात कोणती चिठ्ठी गेली हे मी आजवर कधी बाहेर बोललेलो नाही आणि बोलणार नाही. ज्याच्या दुकानात लोक आपले दुखणे घेऊन येतात त्याला हे शिकवावे लागत नाही. पात्रे काउंटरच्या आतून दिसतात तेवढीच असतात, हे ज्याचे त्याचे मत; काही वाचकांनी नेमक्या उलट अर्थाचीही पत्रे लिहिली आहेत.

राहिला लेखच का लिहिला हा प्रश्न. का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही प्रथा आपल्याकडे वाढत गेली आणि आता दरवर्षी शेकडो अंक निघतात. त्यांत माझ्यासारखी किती हौशी माणसे लिहितात, आणि त्यांना विचारायला जवळ कोणी नसते. नामवंतांच्या मुलाखती छापून येतात, परंतु एका पतसंस्थेतल्या लेखनिकाला किंवा तालुक्याच्या गावातल्या शिक्षिकेला पहिल्या खर्ड्यानंतर काय करायचे असते हे कोणी सांगत नाही. मलाही कोणी सांगितले नव्हते. माझी पहिली कथा जिल्ह्यातल्या एका छोट्या अंकात छापून आली, तोपर्यंत कथा पुन्हा लिहायची असते हेच मला माहीत नव्हते. तो लेख वाचून अशी दोन माणसे पहाटे उठून लिहायला बसली तर मला आनंद आहे. त्यांना कारकून म्हणण्याआधी आपण थोडा विचार करावा, ही विनंती.

शेवट एकसारखे असतात हा आपला मुद्दा मी टाळतो आहे असे आपल्याला वाटू नये. तो सिद्ध करण्यासाठी आपण एकाही कथेचे नाव दिलेले नाही, त्यामुळे त्यावर मी काय उत्तर देणार? कोणत्या दोन कथा, आणि त्यांच्या कोणत्या ओळी सारख्या वाटल्या, ते नावानिशी लिहा. मी त्या दोन्ही शेजारी ठेवून वाचीन आणि मला काय दिसले ते इथेच कळवीन. दुकानाचा विषय मात्र पुन्हा काढू नये.